जाहिरात आपली, गल्ला दुसऱ्याचा! हापूसच्या पेटीतून समजून घेऊ मार्केटिंग मिक्स



"सर, मार्केटिंगवर पैसे टाकतोय, पण रिझल्ट दिसत नाही." हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात जास्त येतो. विचारणारा कधी खारघरचा केक बनवणारा असतो, कधी घणसोलीत मसाले विकणारी ताई असते, कधी सीवूड्समध्ये कपड्यांचं दुकान असलेलं जोडपं असतं. सगळ्यांना हवं असतं एकच उत्तर: पत्रकं वाटू की इन्स्टाग्रामवर पैसे टाकू?

आज मी तुम्हाला त्याच्या आधीचा प्रश्न विचारतो. समजा तुमची जाहिरात एकदम हिट झाली. लोक तुमच्या वस्तूचं नाव घेऊन बाजारात गेले. मग त्यांना मिळणारी वस्तू तुमचीच असेल, याची खात्री आहे का?

हसू नका. महाराष्ट्रातला सगळ्यात लाडका ब्रँड कित्येक वर्षं याच प्रश्नाशी झगडतोय. त्या ब्रँडचं नाव हापूस. आणि त्याचं सगळ्यात मोठं दुकान आपल्या दारातच आहे, वाशी-तुर्भेच्या एपीएमसी मार्केटमध्ये.

आधी सिद्धांत, पण दोन मिनिटांत

"मार्केटिंग मिक्स" हा शब्द लोकप्रिय केला हार्वर्डचे प्राध्यापक नील बॉर्डन यांनी. त्यांचा यावरचा प्रसिद्ध लेख १९६४ चा. त्यांची कल्पना साधी होती: धंदेवाईक माणूस हा स्वयंपाक्यासारखा असतो, हातात जे पदार्थ आहेत त्यांचं प्रमाण तो ठरवतो. त्याआधी १९६० मध्ये जेरोम मॅकार्थी यांनी आपल्या पुस्तकात या पदार्थांना चार नावं दिली. तेच आपले चार पी: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन. म्हणजे वस्तू, किंमत, विक्रीची जागा आणि प्रसार.

आता गंमत बघा. चार पी सगळ्यांना पाठ असतात. पण धंदा सुरू केला की माणूस थेट चौथ्यावर उडी मारतो. कारण प्रमोशन दिसतं. बॅनर दिसतो, रील दिसतं, लाइक मोजता येतात. पहिले तीन पी मात्र वहीत आणि गोदामात असतात.

मिसळ करताना रस्सा बिघडलेला असेल, तर वरून फरसाण कितीही टाका, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. प्रमोशन म्हणजे ते फरसाण आहे.

हापूसचं दुखणं नेमकं काय?

हापूसला जाहिरातीची कमी कधीच नव्हती. फेब्रुवारीत पहिली पेटी वाशीत आली की टीव्हीवर बातमी येते. पेटीची पूजा होते, फोटो छापून येतात. गुढीपाडव्याला चौकशी सुरू होते, अक्षय्य तृतीयेला घराघरात आंबा लागतो. नवी मुंबईत कोकणातून आलेली कुटुंबं भरपूर, त्यामुळे "गावाहून पेटी आली का?" हा प्रश्नच इथे एक फुकटची जाहिरात असतो. एखाद्या कंपनीने कोट्यवधी खर्च केले तरी इतकी प्रसिद्धी मिळणार नाही.

मग अडचण कुठे आहे? लोकांना हवा असतो देवगड किंवा रत्नागिरीचा हापूस. बाजारात त्याच सुमारास कर्नाटकातूनही आंबा येतो. दिसायला जवळपास सारखा, दराने स्वस्त. हा कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने, कधी देवगडच्याच पेटीत भरून विकला जातो, ही तक्रार दरवर्षी होते. नेहमीच्या ग्राहकाला वरून बघून फरक कळत नाही. तो देवगडचे पैसे देतो, घरी जाऊन कापतो, चव लागत नाही, आणि म्हणतो, "यंदा देवगडला काही दम नाही."

इथे दोन माणसं बुडाली. एक ग्राहक आणि दुसरा तो बागायतदार, ज्याने तो आंबा पिकवलाच नव्हता. त्याच्या नावावर दुसऱ्याने विक्री केली, आणि बदनामी मात्र त्याच्या खात्यात जमा झाली.

याला मी म्हणतो नावाची गळती. टाकीला भोक असताना मोटार कितीही वेळ चालवा, टाकी भरत नाही. प्रमोशन ही मोटार आहे. भोक बुजवायचं काम आहे पहिल्या तीन पींचं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कर्नाटकचा आंबा वाईट आहे, असं इथे कोणी म्हणत नाहीये. तो स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या दराने विकला, तर तो सुद्धा चांगला धंदा आहे. याचा पुरावा वाशीतच मिळतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आफ्रिकेतल्या मलावी देशातून हापूस येतो. तो "मलावी हापूस" म्हणूनच विकला जातो, आणि घेणारे हौसेने घेतात. म्हणजे खरं लेबल लावलं म्हणून माल पडून राहतो, हा समज चुकीचा आहे.

चला, आता एकेक पी उघडून बघू. सोयीसाठी आपण एक विक्रेता कल्पनेत घेऊ. नेरूळमध्ये राहणारा, गावाकडून शंभर पेट्या आणून सोसायट्यांमध्ये विकणारा. त्याला आपण दादा म्हणू.

पहिला पी: वस्तू म्हणजे फक्त आंबा नव्हे

दादाला विचारलं, "तुम्ही काय विकता?" तो म्हणेल, "आंबे." चूक! आंबे तर नाक्यावरचा हातगाडीवालाही विकतो. दादा विकतो खात्री. त्याच्या ग्राहकाच्या मनात तीन भीती असतात.

पहिली भीती, आंबा खरंच कोकणातला आहे का?

दुसरी भीती, कसा पिकवला आहे? कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूचा वापर ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे १०० पीपीएमपर्यंत चालतो. आणि पारंपरिक पद्धत म्हणजे गवताच्या अढीत पिकवणं. ग्राहकाला हे तपशील माहीत नसतात, पण शंका असतेच.

तिसरी भीती, कापल्यावर आत साका निघाला तर? हापूसला हा एक शाप आहे. बाहेरून सुंदर, आणि आतला गर पांढरट, स्पंजासारखा. पिकवणाऱ्यालाही वरून ओळखता येत नाही.

आता दादाने या तिन्ही भीतींना उत्तर दिलं, तर त्याची वस्तू हातगाडीपेक्षा वेगळी झाली. पेटीवर बागेचं गाव, काढणीची तारीख आणि पिकवण्याची पद्धत लिहायची. आणि ठळक अक्षरात एक ओळ: साका निघाल्यास फोटो पाठवा, तेवढे आंबे बदलून मिळतील.

"पण सर, लोक गैरफायदा घेतील!" येईलच हा प्रश्न. त्याचं उत्तर आकड्यांत देतो, पुढच्या पीमध्ये.

दुसरा पी: किंमत, आणि डिस्काउंटचा सापळा

वही-पेन घ्या. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला.

समजा पाच डझनांची एक पेटी दादाला वाहतूक, पॅकिंग, हमाली सगळं धरून २,००० रुपयांना पडते. तो ती २,८०० ला विकतो. शंभर पेट्या आणल्या, म्हणजे गुंतवणूक २,००,००० रुपये. आंबा नाशवंत, म्हणून पाच पेट्या खराब होतील असं धरू. उरल्या ९५.

९५ गुणिले २,८०० म्हणजे २,६६,००० रुपये. त्यातून दोन लाख वजा केले. हातात राहिले ६६,०००.

आता मे महिना आला. शेजारच्या विंगमध्ये दुसरा विक्रेता उभा राहिला. दादा घाबरला आणि त्याने जाहीर केलं, "दहा टक्के सूट!" पेटी झाली २,५२० रुपयांची.

९५ गुणिले २,५२० म्हणजे २,३९,४००. दोन लाख वजा केले. राहिले ३९,४००.

बघा काय झालं! सूट दिली दहा टक्के, पण नफा गेला २६,६०० रुपयांनी खाली, म्हणजे साधारण चाळीस टक्के. पहिल्याइतकेच ६६,००० कमवायचे असतील, तर याच हिशेबाने दादाला शंभरऐवजी जवळपास १६८ पेट्या आणाव्या आणि खपवाव्या लागतील. नाशवंत मालात, पाऊस तोंडावर असताना, ६८ पेट्या जास्तीच्या! डिस्काउंट हे प्रमोशन वाटतं, पण ते असतं किमतीचं ऑपरेशन. भूल न देता केलेलं.

आता याची तुलना साक्याच्या बदली-हमीशी करा. ९५ पेट्या म्हणजे ५,७०० आंबे. समजा शंभरातले दोन आंबे बदलून द्यावे लागले. म्हणजे ११४ आंबे, जवळपास दोन पेट्या. दादाच्या खिशातून गेले साधारण ४,००० रुपये. अगदी वाईटात वाईट धरू, दहा टक्के आंबे बदलून द्यावे लागले, त्यात थोडे खोटं बोलणारेही आले. तरी साडेनऊ पेट्या, म्हणजे १९,००० रुपये. सूट २६,६०० ला पडत होती.

म्हणजे हमी ही सुटीपेक्षा स्वस्त पडते. आणि सुटीने ग्राहकाला काय कळतं? "याचा माल खपत नाहीये." हमीने काय कळतं? "याला आपल्या मालाची खात्री आहे." एकच पैसा, दोन वेगळे निरोप.

किमतीबद्दल अजून एक. हापूसचा दर हंगामात सरळ रेषेत चालत नाही. सुरुवातीला आवक कमी म्हणून दर चढा, मे महिन्यात आवक वाढली की उतरतो. ग्राहकाला हे माहीत असतं, म्हणून तो थांबतो. तेव्हा दादाने लपवाछपवी करण्यापेक्षा हंगामाच्या सुरुवातीलाच तीन टप्प्यांचे दर जाहीर करावेत: पाडव्याचा, अक्षय्य तृतीयेचा आणि मे अखेरचा. ज्याला लवकर खायचा आहे तो जास्त देईल, ज्याला आमरसासाठी भरपूर हवा आहे तो थांबेल. दोघंही दादाचेच ग्राहक राहतील. याला सूट म्हणत नाहीत, याला दर ठरवणं म्हणतात.

तिसरा पी: जागा, जिथे नाव गळतं

या पीकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि हापूसची गोष्ट खरं तर इथेच घडते.

वाशीच्या एपीएमसीमध्ये पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य. मुंबईतली जुन्या बाजारांतली गर्दी कमी करायला हे बाजार टप्प्याटप्प्याने इकडे हलवले गेले. कोकणातला बागायतदार पेट्या ट्रकमध्ये भरतो. पहाटे त्या फळबाजारात उतरतात. आडतदार विकतो, खर्च वजा करून बागायतदाराला पट्टी पाठवतो. तिथून माल घाऊक व्यापाऱ्याकडे, मग किरकोळ विक्रेत्याकडे, मग ग्राहकाच्या पिशवीत.

या व्यवस्थेचा फायदा मोठा आहे, हे आधी मान्य करू. एका पहाटेत हजारो पेट्या विकल्या जातात, नाशवंत माल अडकत नाही, गावात बसलेल्या माणसाला मुंबईत दुकान थाटावं लागत नाही. निर्यातीची सोयही इथेच आहे. राज्य पणन मंडळाची विकिरण सुविधा वाशीत आहे. अमेरिकेला आंबा पाठवायचा तर विकिरण करावं लागतं, आणि ते दार २००७ मध्ये उघडलं.

पण तोटाही समजून घ्या. माल जितक्या हातांतून जातो, तितक्या ठिकाणी पेटी उघडली जाऊ शकते. आणि जितक्या ठिकाणी पेटी उघडते, तितक्या ठिकाणी नाव गळू शकतं. शेवटच्या ग्राहकाला बागायतदार माहीत नाही, बागायतदाराला ग्राहक माहीत नाही. दोघांच्या मधे फक्त एक शब्द प्रवास करतो, "देवगड". आणि शब्द कोणीही लिहू शकतो.

२०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्यामुळे बागायतदाराला बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकायचा रस्ता मोकळा झाला. पणन मंडळाचे आंबा महोत्सव, सोसायट्यांच्या आवारातले स्टॉल, व्हॉट्सअॅपवरची ऑर्डर हे सगळं त्यामुळे सोपं झालं.

म्हणजे दादाने सोसायटीत स्टॉल लावणं ही फक्त विक्रीची सोय नाही. मधले हात कमी करून नावाची गळती थांबवण्याचा तो निर्णय आहे. कमिटीची रीतसर परवानगी घ्या, ठरलेल्या रविवारी ठरलेल्या वेळी या, आणि माल संपला तरी पुढच्या रविवारी तिथेच दिसा. नवी मुंबईत लोकांची वस्ती नोडमध्ये आणि सेक्टरमध्ये बांधलेली आहे. एका सेक्टरच्या दहा सोसायट्या नीट धरल्यात, तर सगळ्या शहरात पत्रकं उधळायची गरज नाही.

चौथा पी: आता प्रमोशन, पण कुलूप लावून

इथे आपण थोडं अमेरिकेत जाऊ, कारण हापूससारखंच दुखणं तिथल्या संत्र्यांना शंभर वर्षांपूर्वी झालं होतं.

कॅलिफोर्नियातल्या संत्री उत्पादकांची एक सहकारी संस्था होती. संत्री भरपूर, ग्राहक कमी. १९०७ मध्ये त्यांनी लॉर्ड अँड थॉमस या जाहिरात कंपनीला हाताशी धरून आयोवा राज्यात मोहीम चालवली. विक्री वाढली. पुढच्या वर्षी त्यांनी संत्र्याला नाव दिलं, "सनकिस्ट". नाव गाजलं आणि लगेच गळती सुरू झाली! दुकानदार दुसरीच संत्री सनकिस्ट म्हणून विकायला लागले.

मग १९०९ मध्ये संस्थेने प्रत्येक संत्रं छापील कागदात गुंडाळायला सुरुवात केली. तर काही दुकानदार कागद काढून माल मांडायला लागले. आता काय करायचं? दुकानदाराशी भांडायचं?

त्यांनी भांडण नाही केलं. त्यांनी ग्राहकाला सांगितलं, "सनकिस्टचे बारा कागद पाठवा, एक चमचा मोफत मिळवा." झालं! आता गिऱ्हाईकच दुकानात विचारायला लागलं, "कागद कुठाय?" चमच्यांची मागणी इतकी वाढली की १९१० पर्यंत ही संत्रीवाली संस्था जगातली सगळ्यात मोठी चमचे-काटे खरेदीदार झाली, असं सांगितलं जातं. पुढे १९२६ मध्ये तर त्यांनी फळाच्या सालीवरच नावाचा शिक्का मारायला सुरुवात केली.

या गोष्टीतली हुशारी लक्षात घ्या. चमचा हे प्रमोशन होतं, पण ते विक्री वाढवण्यापुरतं नव्हतं. त्याने ग्राहकाला अस्सल माल तपासायची सवय लावली. एकाच खर्चात जाहिरातही झाली आणि कुलूपही लागलं.

आता परत कोकणात या. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मोठी गोष्ट आहे ही. पण जीआय म्हणजे कायद्याचा कागद. तो नक्कल करणाऱ्याशी लढायचा हक्क देतो. वाशीच्या फुटपाथवर उभ्या ग्राहकाच्या हातात तो कागद नसतो, त्याच्या हातात असतो आंबा.

हा फरक आपण चपलांच्या बाबतीतही पाहिला. कोल्हापुरी चपलेला जीआय आहे. तरी जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला मूळचा उल्लेखही नव्हता. गदारोळ झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. म्हणजे कागद असूनही ओरडावं लागलंच.

म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात उचललेलं पाऊल मला फार महत्त्वाचं वाटतं. आंब्यावर स्वतंत्र क्रमांक असलेलं स्टिकर. काढून दुसऱ्या फळावर चिकटवायला गेलं तर फाटणारं. ग्राहकाने त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा आणि अस्सल आहे का ते तपासायचं. सनकिस्टने कागदातून आणि शिक्क्यातून जे साधलं, त्याचाच हा मोबाइलच्या काळातला भाऊ.

पण एक अट आहे. अशी व्यवस्था तेव्हाच टिकते, जेव्हा बागेत जितके आंबे येतात, तितकेच स्टिकर बाहेर पडतात. एक स्टिकर जरी आंब्यापेक्षा जास्त सुटलं, तर कुलूप आणि चावी दोन्ही चोराच्या हातात. आणि दुसरी अट: ग्राहकाने तपासायला हवं. तपासणाराच नसेल, तर स्टिकर म्हणजे नुसती टिकली. इथेच प्रमोशनचं खरं काम सुरू होतं.

मग दादाने प्रमोशन कसं करायचं?

क्रम महत्त्वाचा आहे. हा क्रम लिहून घ्या.

एक, तपासायला शिकवा. "आमचा आंबा सर्वोत्तम" अशी पोस्ट नको. "खरा कोकणातला आंबा घेताना या तीन गोष्टी विचारा" अशी पोस्ट करा. बाग कुठली, काढणी कधीची, साका निघाला तर काय? ग्राहक हेच तीन प्रश्न प्रत्येक विक्रेत्याला विचारायला लागला, की ज्यांच्याकडे उत्तर नाही ते आपोआप मागे पडतील. तुम्ही कोणाचं नाव घेऊन वाईट बोलायची गरजच नाही.

दोन, जुन्या ग्राहकाकडून नवा ग्राहक आणा. प्रत्येक पेटीत एक कार्ड. "तुमच्या नावाने शेजाऱ्यांनी पेटी घेतली, तर तुम्हाला अर्धा डझन आंबे भेट." हिशेब बघा. पाच डझनांची पेटी २,००० ला, म्हणजे अर्धा डझन २०० रुपयांना पडतो. हा खर्च विक्री झाल्यावरच होतो. याउलट समजा १०,००० रुपयांची पत्रकं वाटली आणि दहा नवे ग्राहक आले, तर एका ग्राहकामागे पडले १,०००. आणि पेटीमागे दादाची कमाई ८०० पेक्षा जास्त नाहीच! पहिल्या पेटीलाच घाटा. तो ग्राहक पुढच्या हंगामात परत आला तरच ते पत्रक फिटेल.

तीन, नंबर जपा. कोणी किती पेट्या घेतल्या, कधी घेतल्या, काय तक्रार होती, एवढं एका वहीत. पुढच्या फेब्रुवारीत पहिला मेसेज या लोकांना. हापूसचा हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा असतो, म्हणून बाकीचे महिने ग्राहक विसरू नये एवढंच काम करायचं. दिवाळीत एक शुभेच्छा, जानेवारीत मोहराचा एक फोटो. रोज सकाळी "सुप्रभात" पाठवलंत, तर लोक ब्लॉक करतील!

चार, या तिन्ही गोष्टी जमल्यावरच पैशाची जाहिरात. तीही आपल्या चार-पाच सेक्टरपुरती. कारण आता तुमची जाहिरात बघून आलेल्या माणसाला तुम्हीच सापडणार, शेजारचा नाही.

"सर, पण मी आंबे विकत नाही"

कळतंय. पण गळती सगळीकडे सारखीच असते.

तुम्ही मालवणी मसाला विकता? "अस्सल मालवणी मसाला" अशी जाहिरात केलीत, तर तुम्ही मालवणी मसाल्याची जाहिरात केली, तुमची नाही. गिऱ्हाईक किराणा दुकानात जाईल आणि जो समोर दिसेल तो घेईल. मसाला कुठल्या मिरचीचा, कधी कुटला, कोणी कुटला, हे पाकिटावर आलं की तो तुमचा झाला.

तुम्ही घरगुती केक करता? "एगलेस केक मिळेल" हे शंभर जणी लिहितात. पण "सकाळी सातनंतर बेक केलेला, त्याच दिवशी घरपोच, बॉक्सवर वेळ लिहिलेली" हे तपासता येतं. आणि जे तपासता येतं तेच लक्षात राहतं.

तुम्ही साड्या विकता? येवल्याची पैठणी म्हणून विकता, तर विणणाऱ्याकडून आणलेल्या मालाचा पुरावा दाखवा. आणि यंत्रमागावरची असेल, तर तसं सांगून विका. मलावीचा आंबा आठवा. खरं नाव लावून विकलेल्या मालालाही गिऱ्हाईक असतं, आणि ते रागावून परत येत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक पान घ्या, चार रकाने करा.

पहिल्या रकान्यात लिहा, माझ्या ग्राहकाच्या मनातल्या तीन भीती कोणत्या, आणि प्रत्येकीला माझं उत्तर काय?

दुसऱ्यात, दहा टक्के सूट दिली तर माझा नफा किती टक्के उतरतो? दादाच्या हिशेबासारखा मांडा, अंदाज नको. आणि त्याच पैशात कुठली हमी देता येईल?

तिसऱ्यात, माझी वस्तू माझ्या हातातून ग्राहकाच्या हातात जाईपर्यंत किती हात लागतात? त्यातल्या कुठल्या ठिकाणी माझं नाव पुसलं जाऊ शकतं?

चौथ्यात, माझ्या वस्तूवर असं एक काय आहे, जे ग्राहक दहा सेकंदांत स्वतः तपासू शकतो?

चौथा रकाना कोरा राहिला, तर जाहिरातीचं बजेट महिनाभर थांबवा. त्या पैशातून आधी ती एक गोष्ट तयार करा. शिक्का असेल, तारीख असेल, हमीचं कार्ड असेल. ती तयार झाली की मग बिनधास्त ढोल वाजवा.

देवगडच्या बागायतदाराने पिढ्यान्‌पिढ्या कलमं जपली, फवारण्या केल्या, मोहर गळताना रात्री जागवल्या आणि एक नाव मोठं केलं. त्या नावाची कमाई त्याच्याच पट्टीत यावी, यासाठी आता त्याला एकेका फळावर स्टिकर लावावं लागतंय. तुमचं नाव अजून लहान आहे. म्हणजे कुलूप बसवायला हीच सगळ्यात स्वस्त वेळ आहे.

पान भरा, आणि कामाला लागा. भेटू पुढच्या भागात!